लॅपटॉपवर मोबाईलचं नेट सारखं तुटतंय? डोंगल घेण्याआधी हे तपासा

“फोनवर नेट छान चालतं, पण लॅपटॉपला हॉटस्पॉट दिला की बोंब. आता डोंगल घेऊ, पॉकेट राउटर घेऊ, की सिम बसणारा लॅपटॉपच घेऊ?” ओळखीतल्या आणि ऑफिसातल्या लोकांचे लॅपटॉप दुरुस्त करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. (डोंगल म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीत लावायची, सिम बसणारी कांडी. पॉकेट राउटर म्हणजे स्वतःचं सिम आणि बॅटरी असलेली, वाय-फाय देणारी डबी.) बहुतेक वेळा नवीन काहीच घ्यावं लागत नाही. आणि जेव्हा घ्यावं लागतं, तेव्हा काय घ्यायचं हे बिघाड कुठे आहे त्यावर ठरतं.

लॅपटॉपपर्यंत मोबाईलचं नेट दोन टप्प्यांत येतं. पहिला टप्पा टॉवर ते फोन, दुसरा टप्पा फोन ते लॅपटॉप. पहिल्या टप्प्यात गडबड असेल तर त्याच टेबलावर, त्याच कंपनीचं सिम घातलेलं महागडं डोंगलही तसंच रडणार. दुसऱ्या टप्प्यात असेल तर घरात पडलेली यूएसबी केबलसुद्धा काम भागवते. खालच्या सगळ्या तपासण्या हा एकच निवाडा करण्यासाठी आहेत: दोष कोणत्या टप्प्यात आहे? तो निवाडा होईपर्यंत खिशात हात घालू नका.

## आधी लक्षणं

यातलं तुमचं नेमकं कोणतं, ते कागदावर लिहून ठेवा. “नेट चालत नाही” एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

- हॉटस्पॉट चालू आहे, पण लॅपटॉपच्या वाय-फाय यादीत दिसतच नाही.
- दिसतो, पण बरोबर पासवर्ड टाकूनही जोडला जात नाही.
- जोडला जातो, पण खाली “नो इंटरनेट” येतं.
- चालतं, मग काही मिनिटांनी किंवा लॅपटॉप स्लीपमधून उठल्यावर गायब.
- फोनवर कॉल आला की लॅपटॉपवरची मीटिंग गोठते.
- नेट आहे, पण पान उघडताना गोल गोल फिरत राहतं. रात्री जास्त.
- काही साइट उघडतात, काही नाही. ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) लागतं, पण आतलं काही उघडत नाही.
- दिवसभराचा डेटा तासाभरात संपतो.
- डोंगलचा दिवा लागतो, पण लॅपटॉप ते ओळखत नाही, किंवा मध्येच डोंगल नाहीसं होतं.

पहिली दोन लक्षणं जवळजवळ नेहमी दुसऱ्या टप्प्याची. कॉल आल्यावर तुटणं आणि रात्री संथ होणं पहिल्या टप्प्याचं. मधली लक्षणं दोन्हीकडची असू शकतात, म्हणून क्रमाने जायचं.

## फोनचं वाय-फाय बंद करून फोनवरच बघा

“फोनवर नेट छान चालतं” असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांचा फोन त्या वेळी घरच्या नाहीतर ऑफिसच्या वाय-फायवर असतो. म्हणजे मोबाईल डेटाची परीक्षा झालेलीच नसते. फोनचं वाय-फाय बंद करा, लॅपटॉप जिथे ठेवून काम करता नेमक्या त्याच जागी बसा आणि फोनच्या ब्राउझरमध्ये कधी न उघडलेली एखादी साइट उघडा. रोजची साइट नको, कारण तिचे तुकडे फोनमध्ये आधीच साठवलेले असतात आणि ती नेट नसतानाही अर्धीमुर्धी दिसते.

इथेच पान अडखळलं तर लॅपटॉपला हात लावायची गरज नाही. दोष पहिल्या टप्प्यात आहे.

त्याच बैठकीत डेटा किती उरलाय ते कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बघा. बऱ्याच प्लॅनमध्ये ठरलेला डेटा संपला की नेट बंद पडत नाही, वेग पाडला जातो. चॅटचे मेसेज जातात-येतात, त्यामुळे फोन ठीक वाटतो, आणि लॅपटॉपवर मेलची अटॅचमेंटसुद्धा हलत नाही. प्लॅनमध्ये हॉटस्पॉट चालतो का, आणि त्याला वेगळी मर्यादा आहे का, हेही तिथेच बघून घ्या. काही कंपन्या हॉटस्पॉटचा डेटा वेगळा मोजतात. आयफोनमध्ये पर्सनल हॉटस्पॉटचा पर्यायच दिसत नसेल, तर अनेकदा कारण फोनमध्ये नसून प्लॅनमध्ये किंवा कंपनीकडून येणाऱ्या सेटिंगमध्ये असतं.

## एअरप्लेन मोड, मग रीस्टार्ट

फोन दहा-पंधरा सेकंद एअरप्लेन मोडवर टाका आणि परत आणा. साधी गोष्ट आहे, पण ती का चालते ते समजून घ्या. फोन टॉवरशी नव्याने नोंदणी करतो, नवा पत्ता घेतो, आणि लांबच्या किंवा गर्दीच्या टॉवरला चिकटून बसला असेल तर त्याला दुसरा निवडायची संधी मिळते. यानंतर काही काळ नेट सुरळीत चाललं आणि पुन्हा बिघडलं, तर तेही लिहून ठेवा. ते पहिल्या टप्प्याकडे बोट दाखवतं.

लॅपटॉप मात्र झाकण मिटून उघडू नका, मेनूतून रीस्टार्ट करा. विंडोजमध्ये “शट डाउन” केल्यावरही बऱ्याच लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअपमुळे सिस्टमचा काही भाग जुन्याच अवस्थेत परत येतो. रीस्टार्टने सगळं नव्याने सुरू होतं.

## फोनमधली सेटिंग्ज, जी गुपचूप आड येतात

अँड्रॉइडवर डेटा सेव्हर चालू असेल तर हॉटस्पॉट चालूच होत नाही किंवा त्याचं बटण फिकं पडतं. बॅटरी सेव्हरही हॉटस्पॉटच्या मुळावर येऊ शकतो. काम होईपर्यंत दोन्ही बंद ठेवा.

हॉटस्पॉटच्या पानावर “आपोआप बंद करा” अशा अर्थाचं सेटिंग असतं. कुणीच जोडलेलं नसलं की काही मिनिटांत फोन हॉटस्पॉट मिटवतो. तुम्ही चहाला उठता, लॅपटॉप स्लीपमध्ये जातो, फोनला वाटतं कुणी नाही, आणि परत येऊन बघावं तर नेट नाही. “काही मिनिटांनी गायब” या तक्रारीमागे सगळ्यात जास्त वेळा मला हेच सापडलं आहे. ते सेटिंग बंद करा आणि फोन चार्जरला लावा. आयफोनमध्ये असा पर्याय नाही. तिथे लॅपटॉप जोडला जाईपर्यंत पर्सनल हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवायचं, कारण ते पान बंद केलं आणि कुणी जोडलेलं नसलं तर फोन थोड्याच वेळात आपलं नाव जाहीर करणं थांबवतो.

आता “यादीत दिसतच नाही” हे लक्षण. हॉटस्पॉट दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या आणि स्वस्त लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाला फक्त २.४ कळतं. फोन ५ वर बोलत असेल तर अशा लॅपटॉपला तो दिसणारच नाही, मग तुम्ही शंभर वेळा रिफ्रेश करा. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलून २.४ करा. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनवर “मॅक्सिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी” चालू केलं की तेच होतं. २.४ चा वेग कमी असतो पण भिंतीपलीकडे तो बरा पोचतो. ५ वेगवान, पण खोली बदलली की लगेच दुबळा.

पासवर्ड बरोबर असूनही जोडत नसेल तर सुरक्षेचा प्रकार बघा. फोन फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुन्या लॅपटॉपला ते जमत नाही. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्ही चालणारा पर्याय निवडा. पासवर्ड काढून टाकून हॉटस्पॉट उघडा ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तुमचा डेटा शेजारी वापरेल हा त्यातला लहान धोका आहे. हॉटस्पॉटचं नावही एकदा साधं करून बघा: फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. नावातली इमोजी, देवनागरी अक्षरं, किंवा आयफोन स्वतःहून घालतो ती वळणदार अ‍ॅपॉस्ट्रॉफी काही जुन्या लॅपटॉपना झेपत नाही.

## कॉल आला की नेट जातं, त्याबद्दल थोडं सविस्तर

हे लक्षण इतकं फसवं आहे की इथे थांबायला हवं. ऑनलाइन शिकवणाऱ्या एका बाईंचा वर्ग रोज तुटायचा. वेळ ठरलेली नाही, कधी एकदा, कधी चारदा. त्यांनी लॅपटॉपला दोष देऊन झाला होता, फोन बदलायचं चाललं होतं. मी त्यांच्या शेजारी बसून फक्त फोनचा पडदा बघत राहिलो. फोन सायलेंटवर, उपडा. वर्ग गोठला त्या क्षणी फोन उलटा केला, तर दुसऱ्या सिमवर कॉल येत होता. कॉल घेतलाही नव्हता. कॉल संपला आणि वर्ग पुन्हा सुरू झाला. मग कॉल-लॉगमधल्या वेळा आणि वर्ग तुटल्याच्या वेळा शेजारी शेजारी लावल्या. एकास एक जुळल्या.

कारण असं. बहुतेक दोन-सिम फोनमध्ये सिम दोन असली तरी रेडिओ एका वेळी एकाचीच सेवा नीट करतो. दुसऱ्या सिमवर कॉल आला की डेटाच्या सिमला थांबवलं जातं. उपाय तीन. कॉलच्या वेळी डेटा दुसऱ्या सिमवर वळवायचं सेटिंग बऱ्याच फोनमध्ये असतं, पण त्यासाठी त्या सिमवरही डेटा हवा. नाहीतर कामाच्या वेळेपुरतं दुसरं सिम सेटिंगमधून बंद ठेवा. तेही शक्य नसेल तर दुसऱ्या सिमचे कॉल दुसऱ्या फोनवर वळवा.

एकच सिम असूनही असं होत असेल तर व्होल्टे म्हणजे ४जी कॉलिंग चालू आहे का बघा. ते बंद असेल तर कॉलसाठी फोन ३जी किंवा २जी वर उतरतो, आणि २जी वर कॉल आणि डेटा एकत्र चालत नाहीत.

ज्यांना दिवसभर कॉलही घ्यायचे आहेत आणि लॅपटॉपवर मीटिंगही करायच्या आहेत, त्यांच्यासाठी वेगळं उपकरण घेण्याचं हे खरं कारण आहे. वेगाचं कारण दुय्यम.

## केबल लावून बघा: यानेच निवाडा होतो

आता सगळ्यात मोलाची तपासणी. हॉटस्पॉट बंद करा, फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टिथरिंग (फोनचं नेट केबलवरून लॅपटॉपला देणं) चालू करा. आयफोन असेल तर पर्सनल हॉटस्पॉट चालू ठेवून केबल लावा आणि फोनवर “ट्रस्ट” विचारेल त्याला होकार द्या. विंडोजवर आयफोनसाठी अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर लागतं, नाहीतर लॅपटॉपला तो फक्त कॅमेऱ्यासारखा दिसतो. मॅकवर मात्र अनेक अँड्रॉइड फोनचं यूएसबी टिथरिंग ओळखलं जात नाही, त्यामुळे मॅकवर ते चाललं नाही म्हणून लगेच फोन बिघडला असं समजू नका.

टिथरिंगचं बटण फिकंच राहिलं तर पहिला संशय केबलवर घ्या. कितीतरी केबलमध्ये चार्जिंगच्याच दोन तारा असतात, डेटाच्या नसतात. फोन चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली, असं नसतं. त्याच केबलने लॅपटॉपवर फोनमधले फोटो उघडता येत असतील तर केबल चालेल.

केबलने नेट व्यवस्थित चाललं तर दोष दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे वाय-फायच्या जोडणीत. केबलनेही तेच रडगाणं असेल तर बहुधा पहिला टप्पा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याने पुढचे कित्येक तास वाचतात. शिवाय केबलच कायमची ठेवली तरी चालतं. फोन चार्ज होत राहतो, हवेतल्या गोंधळाचा प्रश्न उरत नाही. एका जागी बसून काम करणाऱ्याला मी पहिला सल्ला केबलचाच देतो. ब्लूटूथ टिथरिंग हा तिसरा मार्ग, पण त्याचा वेग फार तर एक-दोन एमबीपीएस. मेल आणि चॅटपुरता ठीक, बॅटरीही कमी खातो. व्हिडिओ मीटिंगचा विचार सोडा.

## दोष पहिल्या टप्प्यात निघाला तर: रेंज मोजा

रेंजच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती दांड्या दाखवायच्या ते प्रत्येक फोन आपल्या हिशोबाने ठरवतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये “अबाउट फोन”मध्ये सिमची माहिती उघडली की सिग्नलचा आकडा डीबीएम या सिग्नलच्या एककात दिसतो. तो उणे असतो. ४जी वर उणे ८० ते ९० म्हणजे उत्तम, उणे १०० च्या आसपास चालण्यासारखं, उणे ११० च्या खाली गेलं की मीटिंग अडखळणार, आणि उणे १२० ला आशा सोडावी. ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे: १० डीबीने आकडा घसरला म्हणजे सिग्नलची शक्ती दहापट कमी झाली. त्यामुळे उणे ११२ वरून उणे १०२ वर येणं हा मोठा फरक आहे, जरी दांडी एकच वाढलेली दिसली.

हा आकडा उघडा ठेवून खोलीभर फिरा. सावकाश, कारण आकडा बदलायला काही सेकंद जातात. खिडकीची कड, उंच कपाट, भिंतीचा दुसरा कोपरा. मग फोन सर्वात चांगल्या जागी ठेवा आणि लॅपटॉप तुम्हाला हवा तिथे. हॉटस्पॉटचा खरा फायदा हाच, की फोन आणि तुम्ही एकाच जागी असण्याची सक्ती नाही. काही नव्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो. तो सिग्नलही अडवतो, म्हणून अशी खिडकी उघडून एकदा बघा.

आकडा चांगला असूनही रात्रीच संथ होत असेल तर टॉवरवर गर्दी आहे. यावर तुमच्या घरात काही उपाय नाही. फोनमध्ये नेटवर्कचा प्रकार ५जी वरून ४जी किंवा उलट करून बघा, कारण दोन्हींवरची गर्दी सारखी नसते. मग दुसऱ्या कंपनीचं सिम कुणाकडून तासभर मागून त्याच जागी, त्याच वेळी लावून बघा. फरक पडला तर कंपनी बदला. उपकरण बदलून इथे काही साधणार नाही.

उष्णतेकडेही लक्ष हवं. रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत आवाज पोचवायला जास्त शक्ती लावतो, वर हॉटस्पॉट, वर चार्जिंग. फोन तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. कव्हर काढा, उन्हात ठेवू नका, आणि गरम लॅपटॉपवर तर मुळीच ठेवू नका.

## दोष दुसऱ्या टप्प्यात निघाला तर: लॅपटॉपमध्ये बघा

आधी टेबलाकडे नजर टाका. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब लावलंय का? यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं आहे. हार्ड डिस्कवर फाइल कॉपी होताना नेट मरतं आणि वायरलेस माउसही अडखळतो, असं दिसलं तर कारण हेच. डिस्क दूर सरकवा, चांगली आवरण असलेली केबल वापरा किंवा हॉटस्पॉट ५ वर न्या.

मग वीज बचत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट उघडा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. काही लॅपटॉपवर हा टॅब दिसत नाही. तिथे पॉवर मोड बदलून बघा. लॅपटॉप चार्जरवर असताना नेट ठीक आणि बॅटरीवर तुटतं, असं असेल तर थेट इथेच या.

“नो इंटरनेट” येत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड चालवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर फोनने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. लॅपटॉपला हॉटस्पॉट विसरायला लावून नव्याने जोडा. पत्ता ठीक असेल, तर त्याच यादीत “डिफॉल्ट गेटवे” दिसेल. तो म्हणजे तुमचा फोन. आता दोन खिडक्या उघडा. एकीत गेटवेला सतत पिंग (उत्तर येतं का ते तपासणारी कमांड) लावा, दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. दोन्ही शेजारी ठेवून काम करत राहा. गेटवेची उत्तरं काही मिलिसेकंदांत येत राहिली आणि फक्त दुसरी खिडकी अडखळली, तर टॉवरकडची बाजू दोषी. दोन्ही एकदम अडखळल्या तर वाय-फाय. दोन्ही ठीक असून साइट उघडत नसतील तर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा), जुनं प्रॉक्सी सेटिंग (नेट मधल्या एका सर्व्हरमधून नेणारं), किंवा लॅपटॉपची चुकलेली तारीख. तारीख चुकली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि ब्राउझर पान अडवतो.

काही साइट उघडतात आणि काही लटकतात, हे मोबाईल नेटचं खास दुखणं. अनेक मोबाईल नेटवर्कमध्ये डेटाच्या पुडीवर आणखी एक वेष्टन चढतं, व्हीपीएन त्यावर अजून एक चढवतं, आणि पूर्ण आकाराची पुडी वाटेत बसेनाशी होते. व्हीपीएन बंद केल्यावर सगळं नीट झालं तर व्हीपीएनचा प्रोटोकॉल (जोडणीची पद्धत) बदला किंवा त्याचा एमटीयू, म्हणजे पुडीचा जास्तीत जास्त आकार, कमी करा. ऑफिसचं व्हीपीएन असेल तर आयटी विभागाला एवढंच सांगा: “मोबाईल नेटवर व्हीपीएन जोडलं जातं पण मोठी पानं लटकतात, एमटीयू बघाल का?” या एका वाक्याने काम लवकर होतं.

डेटा झपाट्याने संपत असेल तर वाय-फाय जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये “मीटर्ड कनेक्शन” चालू करा. लॅपटॉपला हॉटस्पॉट हे साधं वाय-फाय वाटतं, म्हणून तो अपडेट आणि क्लाउडचं सिंक मोकळेपणाने करत सुटतो. मॅकवर त्या जोडणीसाठी “लो डेटा मोड” आहे.

वाय-फायचा ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या. “सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये” म्हणणारी सॉफ्टवेअर टाळा. आणि विंडोजचं “नेटवर्क रीसेट” अगदी शेवटी. त्याने साठवलेल्या जोडण्या आणि पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. आधी सगळं लिहून घ्या.

## आता खरेदीचा प्रश्न

इथपर्यंत येऊनही गरज उरली असेल तर निवड सोपी होते.

दिवसभर कॉल आणि मीटिंग दोन्ही, किंवा घरात दोघा-तिघांना नेट हवं: पॉकेट राउटर. त्याचं सिम वेगळं, बॅटरी वेगळी, आणि तो खिडकीत ठेवून विसरता येतो.

यूएसबी डोंगलबद्दल माझं मत आता फारसं चांगलं नाही. बाजारातली बरीच ४जी डोंगल कॅटेगरी ४ ची असतात, म्हणजे कागदावर जास्तीत जास्त १५० एमबीपीएस आणि बहुतेकदा एका वेळी एकच पट्टी. मधल्या दर्जाचा फोनसुद्धा दोन-तीन पट्ट्या एकत्र जोडतो. फोनपेक्षा डोंगल संथ निघालं तर नवल नाही. शिवाय ते लॅपटॉपला चिकटलेलं, खिडकीत ठेवता येत नाही. आधीच घेतलं असेल आणि मध्येच गायब होत असेल तर वीज न जोडलेल्या हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. रेंज कमी असली की डोंगल जास्त वीज ओढतं आणि तोकड्या हबवर बंद पडतं. लॅपटॉपला ते सीडी ड्राइव्हसारखं दिसत असेल तर त्यातलंच सॉफ्टवेअर आधी बसवावं लागतं. जुनं ३जी डोंगल असेल तर नाद सोडा. अनेक देशांत ३जी बंद झालं आहे.

सतत प्रवासात असणाऱ्याला सिम किंवा ई-सिम असलेला लॅपटॉप खरंच सोयीचा. झाकण उघडलं की नेट. पण घेताना सिमची खाच बघून भुलू नका. काही मॉडेलमध्ये खाच असते आणि आत मोडेम कार्डच नसतं. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये “सेल्युलर” दिसतंय का ते दुकानातच बघा, आणि तुमच्या कंपनीच्या पट्ट्या त्या मोडेमला चालतात का तेही विचारा.

## इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

फोनची पाठ फुगली असेल, पडदा उचलल्यासारखा दिसत असेल, किंवा फोन हातात धरवत नाही इतका तापत असेल तर चार्जिंग ताबडतोब बंद करा, फोन बंद करा आणि सेवा केंद्रात न्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती दाबू नका, टोचू नका, घरी काढायचा प्रयत्न करू नका. पॉकेट राउटरलाही हेच लागू. चोवीस तास चार्जरवर राहिलेल्या राउटरची बॅटरी फुगलेली मी पाहिली आहे.

सिम अ‍ॅडॉप्टरसकट खाचेत अडकलं असेल तर चिमटा घालून ओढू नका. आतल्या पिना वाकतात आणि पाच मिनिटांचं काम मदरबोर्डवर जातं.

लॅपटॉपमध्ये नवं मोडेम कार्ड बसवायचं असेल तर ते तंत्रज्ञाकडूनच. अँटेनाच्या तारा आधीपासून ओढलेल्या आहेत का, आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) ते कार्ड स्वीकारतो का, हे आधी तपासावं लागतं. काही लॅपटॉप ठरावीक कार्डांखेरीज दुसरं कार्ड चालूच देत नाहीत. ऑफिसच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर, प्रॉक्सी किंवा रीसेट काहीही स्वतः करू नका. आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बदलून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, तो गुन्हा ठरू शकतो.

तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालूनही तसंच वागत असेल तर आता काम कंपनीचं. सिम जुनं असेल तर आधी सिम बदलून मागा. नेटवर्कची तक्रार नोंदवताना चार गोष्टी हाताशी ठेवा: नेमकी जागा, तुटण्याच्या वेळा, त्या वेळचा डीबीएमचा आकडा, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम तिथे कसं चाललं. फोनवरचा माणूस “फोन रीस्टार्ट करा” म्हणेल, तेव्हा ते करून झाल्याचं सांगा, हे आकडे वाचून दाखवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.